आरसे नसलेली स्कूटर

भूतकाळाशी माझ्या साडूंइतकं कडक वैर धरलेला माणूस अख्ख्या रोह्यात सापडायचा नाही. प्रभूवर विश्वास ठेवल्यापासून त्यांनी मागचं सगळं सोडलं. इतकं, की स्कूटरचे दोन्ही आरसेही काढून टाकले. "मागं बघायचं नाय म्हणजे नाय," असं त्यांनी अडवणाऱ्या पोलिसालाही ऐकवलं. कॅलेंडरचं पान ते महिना संपायच्या तीन दिवस आधीच फाडतात, मग कंपनीतली शिफ्ट चुकते. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नाही. चहा उभ्यानं, जेवण फेऱ्या मारत. "भावोजी, उसळ सांडतेय, बसा की!" असं माझी बायको ओरडते, तोवर ते ताट घेऊन अंगणात पोचलेले असतात.

पण रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सांगायची वेळ आली की हाच माणूस अठरा मिनिटं (मी घड्याळ लावून पाहिलं आहे) फक्त मागचंच बोलतो. पेणजवळ जोह्यात त्यांच्या थोरल्या भावाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. चौदा वर्षांपूर्वी, सण आठ दिवसांवर असताना, हे दारूच्या नशेत मूर्तींवर कोसळले आणि शरमेनं घर सोडून आले, ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. पहिल्या साक्षीत तीन मूर्ती फुटल्या होत्या. पुढं पाच झाल्या, सात झाल्या. यंदा आकडा अकरावर गेला, तेव्हा मला राहवेना.

"साडूभाऊ, नक्की किती?"

"पाप काय मोजायचं असतं व्हय?"

"प्रभूनं माफ केलंय ना? मग भावालाच विचारून आकडा पक्का करू."

त्यांच्या फेऱ्या थांबल्या. "प्रभूचं ठाऊक हाय. दादाचं ठाऊक नाय."

बिनआरशाच्या स्कूटरवर मी बसणार नव्हतो, म्हणून एसटीनं निघालो. पेणपर्यंत त्यांनी चार वेळा जागा बदलली. पेणला उतरल्यावर म्हणाले, "परत जाऊ, माझी शिफ्ट हाय." त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती.

जोह्यात भाऊ एका मूर्तीला पॉलिश पेपर घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. साडूंनी दारातच, उभ्यानं, रविवारची साक्ष सुरू केली. गाडी अकरावर आली तेव्हा भावाचा हात थांबला.

"अकरा? येडा हायस काय? येकाचीच सोंड तुटली. दुपारी जोडली, संध्याकाळी रंगवली." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "सोंडेचं सोड. चौदा वर्सं आला नायस, त्याचं बोल."

साडूंनी दारातच फेऱ्या मारायला सुरुवात केली.

"अवो, आधी त्याला बसू तर द्या," वहिनी आतून म्हणाल्या आणि पाट मांडला. साडू बसून, शेवटच्या शितापर्यंत जेवले. हे मी प्रथमच पाहिलं.

पुढच्या रविवारी ते साक्षीला उठले. "भावाकडं जेवून आलो," म्हणाले आणि बसले. मोजून चार सेकंद. मंडळी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. खरं सांगायचं तर त्या अकरा मूर्तींवाचून मलाही थोडं चुकल्यासारखं झालं.

आता सुट्टीच्या दिवशी ते स्कूटरनं जोह्याला जातात. महिन्याभरानं पाहिलं, तर स्कूटरला उजवीकडे एक आरसा.

"साडूभाऊ, मागं बघायचं नव्हतं ना?"

ते रुमालानं आरसा पुसत होते. "मी निघालो की दादा वळणापर्यंत दारात उभा राहतो," म्हणाले. "तेवढं दिसाय पायजे."