एकाच पोत्यातला मका

कौतिकाबाईंच्या रागाला आवाज नव्हता. रागावल्या की त्या बोलणं बंद करत आणि कोंबड्यांचं खुराडं झाडायला घेत. ते सकाळीच झाडलेलं असलं तरी पुन्हा झाडत. घरातल्यांनी त्याचा अर्थ एवढाच लावून घेतला होता की अक्काचा स्वभाव शांत आहे.

त्यांचं माहेर दोंडाईच्याहून अर्ध्या तासावरच्या गावात. धाकटा भाऊ युवराज दोंडाईच्याच्या बाजारात मक्याची आडत करतो. हंगामात आवारात मक्याचे पिवळेधमक ढीग लागतात. मापं झाल्यावर खाली सांडलेला, तुटका, थोडा भिजलेला दाणा तो पोत्यात भरून घरी आणतो. ते पोतं परसदारी भिंतीला टेकून उभं असतं. त्यातला निम्मा दाणा कोंबड्यांना जायचा आणि निम्मा पाखडून, वाळवून गिरणीत. त्या पिठाची भाकरी घरातल्या बायका खायच्या. पुरुषांसाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी वेगळी थापली जाई. त्याच मक्यावर कोंबड्या अंडी देत आणि ती अंडी पुरुषांच्या ताटात जात.

असं का, हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारलं असतं तर उत्तर तयारच होतं. अंडं उष्ण. पोरीच्या जातीला ते मानवत नाही, खाल्लं तर ती वेळेआधी मोठी होते. पोटुशीनं खाल्लं तर पोट राहत नाही. मका थंड, निरुपद्रवी. तेव्हा पोरीला अंडं न देणं ही कंजुषी नव्हती, ती काळजी होती. कंजुषीशी भांडता येतं. काळजीशी कसं भांडायचं?

लहानपणी खुराड्यातली अंडी काढणं हे कौतिकचं काम. हिवाळ्यात हाताला लागणारं ते ऊबदार अंडं ती क्षणभर गालाला लावी आणि मग आईच्या हाती देई. आई ते उकडून युवराजला सोलून देई. टरफलं मात्र कौतिकच्या ओच्यात पडत. ती चुरून कोंबड्यांना टाकायची, म्हणजे पुढच्या अंड्याचं कवच कडक येतं. भाऊ समोर बसून अंडं खाई आणि बहीण टरफलं चुरत बसे. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला वय लागतं, आणि वयाबरोबर आणखीही काही लागतं.

ते वरणगावला घडलं. लग्न होऊन त्या तिथे गेल्या. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि सासूला सांगितलं की हिच्या अंगात रक्त नाही, गोळ्या द्या, रोज दूध-अंडी द्या. सासूनं गोळ्या आणल्या. अंडी नाही आणली, कारण पोटुशीला अंडं उष्ण पडतं हे तिला डॉक्टरांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. सातव्या महिन्यात तेही मूल गेलं. ते केवळ अंडं न मिळाल्यानं गेलं, असं कौतिकाबाई कधी म्हणाल्या नाहीत. पण फारकतीच्या बैठकीत सासू पंचांना म्हणाली होती की हिच्या अंगातच काही नाही. ते वाक्य खरं होतं, म्हणूनच ते त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नाही. अंगात काही नव्हतं, कारण अंगात काही घातलंच नव्हतं. आधी माहेरानं, मग सासरानं. आणि मोकळ्या कणगीत धान्य का नाही म्हणून ठपका कणगीवरच आला होता.

माहेरी परतल्यावर त्यांनी पुन्हा कोंबड्या पाळल्या. घरात कुणाला खटकू नये इतकं काम करत राहिल्या. वहिनी सविता समजूतदार होती, तिनं नणंदेला कधी उणं बोलून दाखवलं नाही. आकाश झाला, वर्षादीडवर्षानं दिपमाला झाली. पोरगी फुईच्या, म्हणजे आत्याच्या, मागेमागेच वाढली. अंडी काढायला पहिला हात तिचा असे. ती एकदा अंडं गालाला लावताना दिसली, तेव्हा कौतिकाबाईंनी खुराडं दोन वेळा झाडलं होतं.

आता दोघंही भावंडं पोलीस भरतीची तयारी करत होती. आकाशचा अर्ज हा घराचा विषय होता. दिपमालाचा अर्ज तिच्या हट्टाचा, बापानं मोठ्या मनानं भरू दिलेला. पहाटे दोघं एकाच मैदानावर पळत. घरी आल्यावर आकाशपुढे दोन उकडलेली अंडी येत आणि संध्याकाळच्या जेवणात आणखी दोन. दिपमालापुढे मक्याची भाकरी आणि चहा. तीही तक्रार करत नव्हती. मैदानी चाचणी धुळ्याला व्हायची होती, तारीख लागली होती, आणि पोरगी दिवसेंदिवस उन्हात ठेवलेल्या रोपासारखी मान टाकत होती.

एका सकाळी दुसऱ्याच फेरीला ती मैदानात कोसळली. मैत्रिणींनी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. सविताही धावत तिथे पोहोचली. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली. रक्त फार कमी होतं. गोळ्या लिहून दिल्या आणि रोज दोन अंडी, पालेभाजी, डाळ द्या म्हणाल्या. असंच राहिलं तर ही मुलगी धुळ्याला पळणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सवितानं घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा कौतिकाबाई पोत्यातून मका काढत होत्या. पापणीचं ऐकून त्यांचा हात पोत्यातच राहिला.

संध्याकाळी युवराज मुलांबरोबर जेवायला बसला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. लेकीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला, गोळ्या संपू देऊ नका असं बजावलं. अंड्यांचं मात्र त्याला पटलं नाही. वयात आलेली पोर, त्यात अशक्त. आणखी उष्ण पडलं तर काय घ्या. त्यापेक्षा मक्याच्या भाकरीवर तूप वाढवा, असं त्याचं म्हणणं. आणि आधाराला त्यानं खिशातून मोबाइल काढला. आडतीवरच्या व्यापाऱ्यांच्या गटात कुणीतरी मजकूर पाठवला होता. तो त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला: शंभर ग्रॅम मक्याच्या पिठात नऊ ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात फक्त सहा.

त्या मजकुरातले आकडे काही फारसे चुकीचे नव्हते. त्याचं विष नेमकं त्यातच होतं. दुप्पट वजनाचं कोरडं पीठ तागडीच्या एका पारड्यात टाकायचं, दुसऱ्यात एकटं अंडं ठेवायचं आणि वर म्हणायचं की पाहा, कोण भारी! मका पोट भरतो, राबायला बळ देतो, हे खोटं नाही. खानदेशात कितीतरी चुली त्यावर पेटतात. पण शरीर ज्यापासून मांस घडवतं, ते मक्याच्या प्रथिनात अपुरं असतं, आणि अंड्यात ते सगळं एका जागी असतं. दिपमालाला हे पाठ होतं. भरतीच्या पुस्तकात तो प्रश्नच होता: मक्यात कोणती अमिनो आम्लं कमी असतात? लायसिन आणि ट्रिप्टोफॅन. आठवडाभरापूर्वी फुईला समोर बसवून तिनं ते घोकलं होतं. आता ती खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत बसली होती. घोकलेलं होतं ते पेपरसाठी. ताटाशी त्याचा काही संबंध असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

युवराजनं मोबाइल खाली ठेवला. “देख अक्का,” तो म्हणाला, “मकामा अंडापेक्षा जास्ती ताकद शे.”

कौतिकाबाई एरवी अशा वेळी उठून परसात गेल्या असत्या. त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत.

“जास्ती शे ना? मंग ती ताकद आकाशले दे. सविता, आजपाईन पोऱ्याले मकानी भाकर. अंडा दिपमालाले.”

सविताचा हात वाढता वाढता थांबला. युवराज आधी हसला. मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

“अक्का, पोऱ्याले पळनं शे.”

“दिपमालाले बी पळनंच शे.”

यावरचं उत्तर त्यानंच मघाशी वाचून दाखवलं होतं. मका जर भारी होता तर तो मुलाला द्यायला हरकत नव्हती, आणि हरकत असेल तर तो भारी नव्हता. घराचा मालक मी आहे, असं तो म्हणू शकला असता. पण अंडी अक्काच्या कोंबड्यांची होती. सवितानं कुणाकडे न पाहता आकाशसाठी उकडलेल्या दोन्ही अंड्यांची वाटी उचलून लेकीच्या ताटाशी ठेवली आणि आपल्या ताटातली मक्याची भाकरी मुलाला वाढली. आकाशनं एक घास घेतला, चावला, पाणी प्यायला आणि घशाखाली उतरत नाही म्हणाला.

“उतरी,” कौतिकाबाई म्हणाल्या. “आम्हनी जलमभर उतरनी.”

इथवर त्यांनी निभावलं होतं. पुढचं त्यांना अपेक्षित नव्हतं. दिपमालानं वाटी हलकेच परत सरकवली.

“नको फुई. माले गरम पडी.”

भावावरचा राग त्यांना ओळखीचा होता. तो त्यांनी अनेक वर्षं झाडून झाडून कोपऱ्यात लोटला होता. हा राग नवा होता आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. मैदानात कोसळलेली पोरगी आपल्याच तोंडानं वरणगावच्या सासूचं ते ‘उष्ण पडतं’ बोलत होती, आणि तेही प्रेमानं, समजूतदारपणानं, जणू आपली काळजी आपणच घेत होती. कौतिकाबाईंच्या कानशिलात रक्त वाजू लागलं. जे काही रक्त होतं ते.

त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली. एक अंडं सोललं. सावकाश सोललं, टरफलं वाटीत जमवली, मिठाचा खडा बोटांनी चुरून वर टाकला. मग सगळ्यांच्या देखत, भावाच्या समोर, त्यांनी ते खाल्लं. आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या या बाईनं अख्खं अंडं कधी खाल्लं नव्हतं, हे त्या घरात त्या क्षणी पहिल्यांदा प्रत्येकाच्या लक्षात आलं.

चव साधीच होती. थोडी पिठूळ, थोडी मऊ. पोटात जाळ पेटला नाही, अंगाची आग झाली नाही, काहीच झालं नाही. एवढंच? या एवढ्यासाठी? दोन लेकरं, एक संसार, आणि ही समोर बसलेली, पापण्या आतून पांढऱ्या पडलेली पोर, यांच्या आणि आपल्यामध्ये एवढीशी गोष्ट उभी होती? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर राग थोडा निवला असता.

त्यांनी दुसरं अंडं सोलून दिपमालापुढे धरलं. पोरगी फुईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली, काही होतंय का ते. मग तिनं ते घेतलं आणि खाल्लं. आधी भीत भीत, नंतर भुकेनं.

ताटं उचलायची वेळ झाली. युवराज उठू लागला, तेव्हा कौतिकाबाईंनी टरफलांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“चुरी टाक. कोंबड्यास्ले लागस.”

त्यानं वाटीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. सविता ताट हातात घेऊन उभी होती, तीही पुढे झाली नाही. बोटांखाली टरफल फुटल्याचा आवाज येईपर्यंत कौतिकाबाई जागच्या उठल्या नाहीत.