नसलेली वर्तुळं

आज कांद्याचा ताजा पापुद्रा नुसत्या पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी जिवंत होत्या, आतले कण संथ सरकत होते. पण ज्या काळ्या वर्तुळांवर मी वर्षभर जीव टाकला, त्यातलं एकही तिथे नव्हतं. म्हणजे ती पेशीची नव्हतीच. पेशी मारून टिकवायला आम्ही जे रसायन घालतो, त्यानेच ती उमटवली होती.

शेजारी सुनंदाताई बसल्या होत्या, प्रयोगशाळेत माझ्या आधीपासूनच्या. त्यांना म्हटलं, "ताई, वर्तुळं गेली."

"हो गं, त्या रसायनाने येतात ती. मलाही दिसायची."

"मग बोलला का नाहीत?"

"किती खुशीत होतीस तू!"

याच ताईंनी त्या वर्तुळांचे फोटो पाहून माझी पाठ थोपटली होती, सगळ्यांना पेढे वाटायला लावले होते.

वर्तुळांवर कसला राग धरायचा? आम्ही खरी आहोत, असं ती कधी म्हणाली नव्हती. शिवाय त्यांची परीक्षा सोपी असते. रसायन घालू नका आणि बघा काय उरतं. माणसाला असं नुसत्या पाण्यात ठेवून बघता येत नाही.

ताई उठल्या. जाताना सवयीने त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता. तेव्हाही असाच होता.