अकरा मिनिटं पुढे चालणारं घड्याळ

मंगलने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओली चादर बांबूवर घालणं. बुकित पंजांगला आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये अजून खिडकीबाहेर बांबू खोचून कपडे वाळवतात. डबल चादर भिजली की जड होते. एक टोक तिने धरलं, एक मी. बांबू खिडकीखालच्या नळीत बसेना. ती म्हणाली, तुमच्या लिफ्ट वर जातात कशा कोण जाणे, एक बांबू सरळ धरता येत नाही. मी म्हणालो, लिफ्टला बायको नसते. ती हसली नाही, चिडलीही नाही. मी हेल्मेट आणि डबा उचलला आणि कामावर गेलो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. सातवी शिकलेला, कऱ्हाडकडचा. शिपयार्डात वेल्डिंग करायला सिंगापूरला आलो, तिथून लिफ्ट कंपनीत शिरलो आणि तिथेच म्हातारा झालो. आता सदुसष्ट पूर्ण. कंपनी दर वर्षी नवीन कॉन्ट्रॅक्ट देते. दिलं तर काम, नाही तर घरी.

त्या दिवशी मी एका सर्व्हिस अपार्टमेंटच्या इमारतीत होतो. परदेशी पाहुणे महिना-दोन महिने राहतात तसली. लिफ्टची मोटर आणि कंट्रोलर छतावरच्या मशीनरूममध्ये असतात. कंट्रोलर म्हणजे लिफ्टचं डोकं. लिफ्ट कधी निघाली, कुठल्या मजल्यावर थांबली, दार कधी उघडलं, सगळं तो लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. मशीनरूममध्ये फोन लागत नाही.

मंगल स्वयंपाकघरात पडली. शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि माझा मुलगा नितीन याला कळवलं. नितीनला माझा फोन लागेना म्हणून त्याने इमारतीच्या फ्रंट डेस्कला फोन केला. डेस्कवर रोहाना एकटी होती. पन्नाशीची मलय बाई. तिथे नियम असा, की काही झालं तरी काउंटर रिकामा सोडायचा नाही. सोडला तर नोकरी जाते.

तिच्याकडे वॉकीटॉकी होता. त्यावर मला सांगता आलं असतं. पण ती काउंटर सोडून लिफ्टने वरच्या मजल्यावर आली, तिथून लोखंडी जिना चढून मशीनरूमच्या दारात उभी राहिली. धापा टाकत होती. म्हणाली, "अंकल, आधी मशीन बंद करा. मग माझं ऐका."

असं का केलंस म्हणून मी नंतर विचारलं. ती म्हणाली, तुम्ही फिरत्या दोराजवळ उभे असणार. कानात असलं काही पडलं तर हात कुठे जाईल याचा नेम नाही.

माझा हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षेचा पट्टा, तिने सोडवला, तेवढ्यात शिफ्टवर आलेल्या मुलाला काउंटर दिला, टॅक्सीत मला बसवलं आणि सोबत हॉस्पिटलात आली. मंगल शुद्धीवर होती. मला वीस मिनिटं मिळाली. नितीन पाया लेबार भागातल्या त्याच्या ऑफिसातून निघाला होता, तो पोचला तेव्हा ती गेली होती. त्या मधल्या वीस मिनिटांचं मला फारसं काही आठवत नाही. मी बडबडत होतो एवढं आठवतं.

चौदाव्या दिवशी मी कामावर परत गेलो. घरात बसवत नव्हतं. त्या इमारतीतलं अर्धवट राहिलेलं काम आधी पूर्ण केलं. ब्रेक, दोर, दारं सगळं तपासलं. त्यानंतर चार दिवसांनी तिथे उतरलेला एक रॅपर वारला.

त्याचं नाव लिहीत नाही. कंपनीने लिहू नको म्हणून सांगितलंय, आणि मला ते नीट उच्चारताही येत नाही. अमेरिकेतला मोठा माणूस. नितीन चाळिशीचा आहे, तो शाळेत असल्यापासून त्याची गाणी ऐकायचा. मंगल म्हणायची, हा गातो की भांडतो? दुसऱ्या दिवशी त्याचा इथे शो होता. दुपारी चार वाजता तो एकोणिसाव्या मजल्यावर खोलीत कोसळला. ॲम्ब्युलन्सचे लोक आले, वर गेले, उपयोग झाला नाही.

दोनच दिवसांत इंटरनेटवर दोन गोष्टी फुटल्या. एक, लॉबीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. त्यात ॲम्ब्युलन्सचे लोक चार वाजून बारा मिनिटांनी दोन नंबरच्या लिफ्टमध्ये शिरताना दिसतात. दुसरी, त्याच लिफ्टचा लॉग. त्यात लिफ्ट एकोणिसाव्या मजल्यावर चार तेवीसला पोचली अशी नोंद. म्हणजे मध्ये अकरा मिनिटं गायब.

झालं. लिफ्ट मुद्दाम अडवली. त्याला आधीच मारलं होतं, पुरावा पुसायला वेळ हवा होता. तो मेलाच नाही, अकरा मिनिटांत मागच्या जिन्याने खाली नेला आणि आता शेजारच्या बाटम बेटावर मासे पकडत बसलाय. त्याच्या शेवटच्या अल्बममध्ये गाणी अकरा, म्हणजे त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. नितीन अकाउंटंट आहे, लोकांचे हिशेब तपासतो. तोही मला हे रोज पाठवायचा. म्हणायचा, बाबा, बाकीचं सोडा, पण अकरा मिनिटांचं उत्तर कोणाकडेच नाही.

मी त्याला गप्प बसवलं नाही. आईच्या वेळीही तो हेच करत होता. ॲम्ब्युलन्सला किती मिनिटं लागली, डॉक्टर किती मिनिटांनी आले. कोणी तरी उशीर केला असणार, असं त्याला वाटायचं. माणूस गेला की दोष द्यायला कोणी तरी लागतं. मलाही लागलं होतं. मी दोष बांबूला दिला होता, ओल्या चादरीने तो जड झाला होता म्हणून.

पण लोकांना बांबू पुरत नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये ॲम्ब्युलन्सवाले लिफ्टमध्ये शिरल्यावर रोहाना काउंटरखाली वाकताना दिसते. तिने लिफ्ट थांबवायचं बटण दाबलं असं ठरलं. तिचा फोटो फिरला. तिच्या ब्लॉकचा नंबर फिरला. दारावर कोणी तरी लाल रंगाने ‘खुनी’ लिहून गेलं. इमारतीच्या मॅनेजमेंटने तिला रजेवर पाठवलं. त्या रजेवरून परत बोलवायचा त्यांचा विचार नव्हता, हे डेस्कवरचे दुसरे लोक मला उघड सांगत होते.

काउंटरखाली असलं बटणच नाही. तिथे एकोणिसाव्या मजल्यावरच्या खोल्या उघडायचं ज्यादा कार्ड असतं, ते ती काढत होती. हे मला माहीत होतं. पण अकरा मिनिटांचं मलाही कळेना. ती लिफ्ट तळापासून एकोणिसाव्या मजल्यावर चाळीस सेकंदांत जाते. मध्ये अडकली असती तर लॉगमध्ये फॉल्टची नोंद असती. फॉल्ट नव्हता.

मंगल जाऊन सव्वीस दिवस झाले होते. मी मशीनरूममध्ये गेलो, कंट्रोलरसमोर उभा राहिलो आणि फोन काढला. फोनवर तीन वाजून पाच मिनिटं. कंट्रोलरच्या पडद्यावर तीन सोळा.

मी तिथेच ऑइलच्या डब्यावर बसलो.

कंट्रोलरचं घड्याळ जुनं असतं, बॅटरीवर चालतं, हळूहळू पुढे-मागे सरकतं. लिफ्टला त्याने काही फरक पडत नाही. म्हणून दर महिन्याच्या सर्व्हिसच्या फॉर्मवर एक ओळ आहे, घड्याळ तपासलं, लावलं. तिच्यापुढे टिक करायची. ही ओळ मी वर्षानुवर्षं न तपासता टिक केली. आम्ही जुने लोक फॉर्म आधीच भरतो. खाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना सगळ्या टिक मारायच्या, सही करायची, मग वर जायचं. मंगल गेली त्या दिवशीचा फॉर्मही मी असाच भरला होता. दुःखात चुकलं असं म्हणायची सोय नाही. ती जिवंत असतानाही मी हेच करत होतो.

मॅनेजर लिमला जाऊन सांगितलं. तो मला सालू म्हणतो. साळुंखे त्याला जमत नाही.

"सालू, तू हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग तिथेच थांब. घड्याळ आज पुढे आहे. त्या दिवशी पुढे होतं हे कशावरून? सिद्ध होणार नाही, आणि फॉर्मवर सही तुझी. पुढच्या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट आहे. ते मी वर कसं पाठवू?"

लिम वाईट माणूस नाही. मंगलच्या वेळी तो हॉस्पिटलात आला होता. आणि त्याचं बरोबरही होतं. सिद्ध कसं करणार? रॅपरच्याच दिवसाचं दाखवून उपयोग नव्हता, त्यावरच तर भांडण. त्याच्या आधीचा एखादा दिवस हवा होता. कॅमेऱ्यात कोणी तरी लिफ्टमध्ये शिरताना दिसायला हवं, आणि तीच खेप लॉगमध्ये सापडायला हवी. लोक दिवसभर जा-ये करतात, कुठली खेप कोणाची कसं ओळखणार?

तसा एकच दिवस होता. त्या दिवशी एक नंबरची लिफ्ट मी स्वतः कामासाठी लोकांना बंद केली होती. दोन नंबर एकटीच चालू होती. आणि सगळ्यात वरचा मजला क्लबरूमचा, सकाळी तिथे कोणी जात नाही. त्या सकाळी माझ्यानंतर त्या मजल्यावर एकच माणूस गेला होता. रोहाना, मला बोलवायला.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं, मग त्यावर नवीन चढतं. माझ्या हातात चार दिवस होते.

पण त्यात ती काउंटर सोडून जाताना दिसणार होती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मी तिला फोन केला आणि सरळ विचारलं, दाखवू का? तुझी नोकरी त्यानेच जाईल.

ती म्हणाली, "अंकल, दारावर खुनी लिहिलंय. काउंटर सोडला हे त्याच्यापुढे काय? दाखवा."

अचानक झालेल्या मृत्यूची चौकशी इथे कॉरोनर करतो, आणि त्याच्यासाठी पोलीस माहिती गोळा करतात. मी तपास अधिकाऱ्याकडे गेलो. तरुण मुलगी होती, फार शांत. माझं इंग्रजी तुटकं, पण तिने घाई केली नाही. तिने रेकॉर्डिंग मागवलं आणि माझ्यासमोर लावलं.

कॅमेऱ्याच्या घड्याळात दहा एकेचाळीस. रोहाना काउंटरमधून बाहेर येते, एकदा मागे वळून बघते आणि दोन नंबरच्या लिफ्टमध्ये शिरते. लॉगमध्ये दोन नंबरची लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर दहा बावन्नला. अकरा मिनिटं. रॅपरच्या अठरा दिवस आधी.

रेकॉर्डिंग पुढे चालूच राहिलं. लिफ्टचं दार उघडलं आणि ती माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. माझ्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. अधिकारी मुलीने पडदा थांबवला आणि विचारलं, हे तुम्हीच का? मी हो म्हणालो. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझं होईपर्यंत काही लिहिलं नाही. तिचेही आभार मानले पाहिजेत.

घड्याळाचं, फॉर्मचं, टिकचं सगळं सांगून मी सही केली. या वेळी वाचून केली.

पुढे काय झालं ते थोडक्यात. कॉरोनरने सांगितलं, रॅपर हृदयविकाराने गेला, लिफ्टला चाळीस सेकंद लागले, कोणी काही अडवलं नाही. रोहानाला काउंटर सोडल्याबद्दल वॉर्निंग लेटर मिळालं आणि नोकरी परत मिळाली. मला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं. नंतर लिमने सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, आणि सगळ्या मेकॅनिकना फॉर्म मशीनरूममध्येच भरायची सक्ती केली. पोरं मला शिव्या देतात, कारण वर कोपी मिळत नाही. इंटरनेटवर गोष्ट काही संपली नाही. आता म्हणतात, म्हाताऱ्या इंडियन मेकॅनिकला पैसे चारले. बाटमवाला अजून मासे पकडतोय.

धंद्यातल्या लोकांना एवढंच सांगतो. जे बघितलं नाही त्याच्यापुढे टिक करू नका. आपल्याला ती एक रेघ असते. तिच्यापायी कोणाच्या दारावर काय लिहिलं जाईल, सांगता येत नाही.

स्टेटमेंट दिलं त्या संध्याकाळीच लिमने मला घरी बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी युनिफॉर्म घालायचा नव्हता. मी नितीनला पुंगोलला त्याच्या घरी फोन केला, ऑफिसला उशिरा जा म्हटलं, आणि त्याला घेऊन रोहानाच्या घरी गेलो. इतक्या दिवसांत मी तिला एकदाही धड थँक्यू म्हणालो नव्हतो. दारावरचा लाल रंग तिने घासून काढला होता, तरी जागा दिसत होती. नितीन त्या जागेकडे बघत उभा राहिला. मग बूट काढून आत आला.

मी थँक्यू म्हणालो. तिने हात हलवला आणि खाऊन घ्या म्हणाली. नितीन काही खाईना. शेवटी त्याने विचारलं, "आंटी, आई काही बोलली का? बाबांना आठवत नाही."

"बोलली नाही," रोहाना म्हणाली. "तुमचे बाबाच बोलत होते, आणि ती त्यांची बोटं पुसत होती. काळी होती ना, ग्रीसने. चादरीच्या कोपऱ्याने एकेक बोट पुसलं. तो हात झाल्यावर तिने दुसरा मागितला."

मला हे खरंच माहीत नव्हतं. मी माझ्या हातांकडे बघितलं. नितीनने किती वाजता, किती मिनिटं, काही विचारलं नाही. त्याने बशी जवळ ओढली आणि खायला लागला.