मागील पगारासह

कलावती रोज सकाळी ठाकुर्लीच्या घरात भाताची पेज गाळून घ्यायची आणि त्यात वकिलीचे पांढरे बँड बुडवायची. खिडकीच्या गजावर ते वाळेपर्यंत तिचा चहा व्हायचा. बाजारचा स्टार्च तिला पटत नसे. पेजेचा ताठपणा दुपारच्या उलटतपासणीपर्यंत टिकतो, असं तिचं मत होतं.

पूर्वी ती कोलशेतच्या एका औषध कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. कामावरून काढलं, तेव्हा स्वतःची केस लढता लढता तिला कायद्याची गोडी लागली. नोकरी परत मिळाली नाही, सनद मिळाली. गेली पंधरा वर्षं ती ठाण्याच्या कामगार न्यायालयात कामगारांची बाजू मांडत होती, आणि जिन्याची तिसरी पायरी हे तिचं ऑफिस होतं. वकिलांच्या खोलीत खुर्ची मिळे ती फक्त तिथल्या वकील मंडळाच्या सभासदांना. मंडळ म्हणजे मालकांच्या वकिलांचा अड्डा, असं म्हणून तिने कधी अर्जच केला नव्हता. यंदा मात्र गुडघ्यांनी तिच्या तत्त्वांविरुद्ध निकाल दिला.

छापील फॉर्म संपले होते. मंडळाची सेक्रेटरी आसावरी म्हणाली, साध्या कागदावर लिहून द्या. कलावती पायरीवर बसली आणि हात आपोआप चालू लागला. अर्जदार, कलावती. विरुद्ध. सामनेवाले, मंडळ. मग दीड पान हकीकत आणि शेवटी विनंती, की अर्जदारास मागील संपूर्ण पगारासह कामावर रुजू करून घ्यावे. तीन प्रती देऊन, पोच घेऊन ती समाधानाने घरी गेली.

अध्यक्ष होते सुदेशराव. कलावतीच्या स्वतःच्या नोकरीच्या केसमध्ये मालकाचे वकील तेच होते. ‘विरुद्ध’ हा शब्द दिसताच त्यांचाही हात चालू लागला. चौथ्या दिवशी त्यांचं लेखी म्हणणं आलं: सर्व मजकूर नाकबूल, अर्जदार मंडळाच्या सेवेत कधीच नव्हती, अर्ज फेटाळावा.

ते वाचताना कलावतीला आपण काय लिहून दिलं ते उमगलं. खुर्ची गेलीच, असं वाटून ती तडक खोलीत शिरली.

“सुदेशराव, मला नुसतं सभासद व्हायचं होतं.”

“मग पगार कशाला मागितलात, ताई?”

“सवय. तुम्ही सगळंच नाकबूल कशाला केलंत?”

सुदेशरावांनी चष्मा पुसला. “सवयच म्हणायची.”

आसावरीने हसू दाबत तडजोडीचा कागद पुढे ओढला. अर्जदाराने मागील पगाराचा हक्क सोडला, सामनेवाल्यांनी खिडकीजवळची खुर्ची दिली. “सभासद करून घेतले, असं लिहू?” तिने विचारलं.

“रुजू करून घेतले, असं लिही,” सुदेशराव खाली बघत म्हणाले.

कलावतीने तो शब्द दोनदा वाचला आणि सही केली. मग ती खुर्चीत बसली. खुर्चीचा एक पाय आखूड निघाला. सुदेशरावांनी आपलं लेखी म्हणणं घडी करून, कण्हत वाकून त्याच्याखाली सरकवलं.

“अजून एक घडी घाला,” ती म्हणाली. “हलतेय.”