पंक्चरनंतरचा फोटो

बीडच्या बसस्टँडमागच्या वस्तीत तो पंक्चर काढतो. चाक बसवलं की हात पुसायचा, "सर, एक फोटो काढू?" म्हणायचा आणि मी काही बोलायच्या आत माझ्या खांद्याला खांदा लावायचा. मला वाटायचं, हौशी माणूस आहे.

मग एक दिवस हवालदार माझ्या घरी आला. माजलगावात भरदुपारी घरफोडी झाली होती. अशा वेळी पोलीस आधी त्याच्या वस्तीत जातात, कारण चोरांची वस्ती म्हणून तिथल्या प्रत्येक पुरुषाचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. हवालदारानं त्याच्याकडून घेतलेला आम्हा दोघांचा फोटो पुढे केला. "त्या दुपारी हा तुमच्यासोबत होता?"

मी हो म्हणालो. जाताना त्यानं माझाही फोटो काढून नेला. कशाला, ते सांगितलं नाही.

पुढच्या वेळी चाक बसवून, हात पुसून तो सरळ पान्हे आवरायला लागला.

"आज फोटो नको?"

"तुमचा बी आता त्यांच्याकडं हाय, सर. तुमची साक्ष आता चालायची न्हाई. तुमी बी कुणासंग तरी काढून ठिवत जा."

मी गोंधळून मोबाईल काढला आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. तो हळूच बाजूला सरकला.

"माझ्यासंग नगं, सर."