शांघायमधलं ‘बघूया’

शांघायला परदेशी कंपन्यांना जागा आणि परवाने मिळवून देणाऱ्या कचेरीत मी नोकरी करतो. शहराला परदेशी पैसा हवा असतो, पण सगळाच नाही. नको असला की तिथला अधिकारी चहा ओततो आणि म्हणतो, ‘विचार करू.’ आमचा जर्मन साहेब खुळ्यासारखा खूश होतो. मी मुकाट दुसरी जागा शोधायला लागतो.

हे मी रत्नागिरीत शिकलो. बागेची जमीन विकत मागायला कुणी आलं, की बाबा कोकम सरबत द्यायचे आणि म्हणायचे, ‘बघूया.’ जमीन अजून आमचीच आहे. परक्या मुलखात मला पोसलं ते त्यांच्या त्या शब्दानं. हे उपकार फिटायचे नाहीत.

यंदा आंब्याच्या दिवसांत घरी गेलो तेव्हा म्हटलं, ‘बाबा, आता माझ्याकडे राहायला चला.’

त्यांनी सरबताचा पेला माझ्यापुढे सरकवला.