मावशीची खिडकी आणि खडकवासल्याची थंडी

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही सुधामावशीला कायमचं आमच्याकडे आणायचं ठरवून निघालो. काका गेल्यापासून ती खडकवासल्याला, धरणाच्या पाण्याकाठच्या घरात एकटी राहते. थंडी पडली की तिचा दमा बळावतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली मी तिच्यासाठी रिकामी केली होती.

सिंहगड रस्त्याने जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. सुट्टीच्या दिवशी उशीर झाला की धरणाजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही. चौपाटीवर कांदाभजी खाल्ली. भजी चटका देणारी, वारा बोचरा.

"मावशी यायची नाही," माझा नवरा मंदार म्हणाला.

"मी बोलते ना!"

घरी पोचलो तर पाण्याकडची मोठी खिडकी चौकटीसकट काढलेली, आणि दोन कारागीर नवी बसवत होते.

"या. चहा मिळेल, खुर्च्या मिळणार नाहीत. सगळ्या अंगणात आहेत," मावशी म्हणाली.

"हे काय काढलंस?"

"दोन काचांची खिडकी. मधे कोरडी हवा कोंडलेली असते. एका काचेतून घरातली ऊब भराभर बाहेर जाते, हिच्यातून जरा दमाने जाते. तुझा मामा म्हणत होता, खिडकी विटांनी बुजवून टाक. मग मी बघत काय बसू, विटा?"

स्वयंपाकघरात गाठून मी खोलीचा विषय काढला.

"तुझ्या त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"समोरच्यांची खिडकी."

"छान. आज राहा इथे. सकाळी माझी अवस्था बघ. नेहमीसारखी धाप लागली असेल, तर बॅग भरते."

संध्याकाळपर्यंत खिडकी बसली. झोपायच्या आधी मावशीने आपल्या खोलीत हीटर तासभर लावला आणि बंद केला.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरातल्या जुन्या एकेरी काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. तळहात टेकवला तर झिणझिण्या आल्या. मावशीच्या खोलीतली नवी दुहेरी काच कोरडी होती. गार, पण हात ठेवता येण्याइतपत. मावशी शाल पांघरून पाण्याकडे बघत बसली होती. खोकली, पण एकदाच. गेल्या जानेवारीत ती याच वेळी उशीला टेकून श्वास शोधत होती.

"काय मग? भरू बॅग?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखा खोचक, पण कपावरची बोटं घट्ट झालेली.

"नको," मी म्हणाले, आणि माझेच डोळे भरून आले.

अशी खिडकी साध्या खिडकीपेक्षा बरीच महाग पडते. आधी चौकटीच्या फटी बुजवा, रबरी पट्ट्या लावा. वारा आत येत असेल तर दुहेरी काच बिचारी काय करणार?

परत येताना वारज्यावरून आलो. तिला न घेता आल्याची रुखरुख होती. आणि तिला तिथून उठवलं नाही, याचं बरंही वाटत होतं.

चार दिवसांनी पहाटे तिचा फोन आला.

"एक तक्रार आहे. या काचेतून टिटवी ऐकू येत नाही. म्हणून रोज जरा वेळ उघडते."

"मावशी! अगं, थंडी!"

"स्वेटर घातलाय. ओरडू नकोस, ऐक."

तिने फोन खिडकीबाहेर धरला.